कामाचं माप

मार्च-एप्रिल आला की आपल्या घरांतून एक शब्द हमखास ऐकू येतो, अप्रायझल. मुलगा पुण्यात, सून बेंगळुरूला, भाचा हैदराबादला, सगळे सॉफ्टवेअरमध्ये. एरवी फोनवर भरभरून बोलणारी ही मुलं त्या दिवसांत तुटक बोलतात. ‘रेटिंग काय लागेल सांगता येत नाही, आई.’ आई बिचारी बारावीच्या निकालासारखं काहीतरी असेल म्हणून समजून घेते. पण बारावीला निदान पेपर असतो, पेपराला मार्क असतात. इथे वर्षभराच्या कामाला एक आकडा लागतो, आणि तो कशावरून काढला हे पुष्कळदा मुलांनाही धड सांगता येत नाही.

बायकांनी या विषयात कशाला डोकं घालायचं, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की ज्यांचं काम जन्मभर कुणी मोजलं नाही, त्यांना मोजण्याचा इतिहास इतरांपेक्षा लवकर कळतो. म्हणून हा आकडा आला कुठून, ते आज बघूया.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम इथल्या पोलाद कारखान्यात. १८९९ च्या सुमाराला तिथे फ्रेडरिक टेलर नावाचे इंजिनिअर काम करत होते. कारखान्याच्या अंगणात कच्च्या लोखंडाच्या लगडी पडलेल्या असायच्या, एकेक सुमारे ४२ किलोची. मजुराने ती उचलायची, फळीवरून चढून रेल्वेच्या वाघिणीत टाकायची, परत यायचं, पुढची उचलायची. टेलर यांनी लिहून ठेवलंय की एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड भरायचा. त्यांनी घड्याळ लावून, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे ठरवून देऊन, तेच काम साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली.

आता हा हिशेब आपण बायकांनी करून बघावा. काम जवळजवळ चौपट आणि पैसे दीडपटीहून थोडे जास्त. १९११ साली टेलर यांचं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे पुस्तक आलं आणि ही गोष्ट जगभर गेली. पुढे संशोधकांनी कारखान्याची जुनी दप्तरं तपासली, तेव्हा तिच्यात बरंच तिखटमीठ लावलेलं आढळलं. पण तोवर तिचं काम होऊन गेलं होतं. काम समजणारा एक, करणारा दुसरा, आणि मध्ये घड्याळ, ही रीत पडून गेली.

लोकांनी ती मुकाट्याने घेतली असं मात्र नाही. त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनजवळ वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांवर स्टॉपवॉच लावलं, तर ते काम टाकून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं, चौकशी झाली, आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच लावून काम मोजायला बंदी आली. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

मोजण्याच्या या पुरुषी गोष्टीत एक बाई आहे, आणि ती मला टेलरपेक्षा मोठी वाटते. लिलियन गिलब्रेथ. नवरा फ्रँक गिलब्रेथ आधी गवंडीकामातला. वीट लावताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या आहेत, हे त्याने दाखवून दिलं. दोघं नवराबायको मिळून सिनेमाच्या कॅमेऱ्याने कामगारांच्या हातांच्या हालचाली टिपायची. पण लिलियन मानसशास्त्र शिकलेली होती. १९१५ साली तिने ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, तीही एकीकडे लेकरं वाढवत. तिचं मानसशास्त्रावरचं पुस्तक १९१४ मध्ये निघालं, तेव्हा लेखक बाई आहे हे कळू नये म्हणून त्यावर नुसती आद्याक्षरं छापली होती.

टेलर यांचा प्रश्न होता की या माणसाकडून आणखी किती काम निघेल. गिलब्रेथ दांपत्याने १९१६ मध्ये पुस्तक काढलं ते थकव्यावर. माणूस कशाने दमतो, कुठे उगीच वाकतो, त्याला टेकायला खुर्ची का नाही, हे त्यांनी मोजलं. हातात तीच मोजपट्टी, पण ती धरली दुसऱ्या बाजूने.

१९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला. घरात अकरा मुलं, धाकटी दोन वर्षांची. बाईकडून कारखान्याचा सल्ला कोण घेणार म्हणून कंपन्यांनी कामं काढून घेतली. मग लिलियनने, बायकांचं म्हणून जे क्षेत्र तिला मोकळं सोडलं होतं, तेच धरलं. १९२९ मध्ये तिने ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी एक स्वयंपाकघर आखलं. ओटा, शेगडी, भांड्यांची जागा अशी बसवली की एक केक करायला जिथे २८१ पावलं चालावं लागायचं, तिथे ४५ पुरली. आपल्यातल्या ज्यांनी नव्या फ्लॅटमध्ये ओटा, सिंक आणि फ्रीज एका वळणात बसवून घेतलेत, त्यांनी या बाईला मनातल्या मनात जय जिनेंद्र म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री.

आता कारखान्यातून कंप्युटरकडे येऊ. कंप्युटर हा शब्द आधी माणसांसाठी होता, आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी, आणि त्यांत बायका पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळा किती लांब जाऊन पडेल याचे तक्ते त्या हाताने काढायच्या. गणिताचं काम किती पडेल हे सांगायला त्या काळात तिथल्या गणितज्ञांमध्ये एक माप निघालं होतं, किलोगर्ल. म्हणजे मुलींच्या आकडेमोडीचे साधारण हजार तास. धान्य किलोवर, तशा मुली किलोवर! मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचं प्रचंड यंत्र तयार झालं आणि या बायकांमधल्याच सहा जणींना ते चालवायला, त्याला गणितं घालायला निवडलं. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्र जगाला दाखवलं, वाहवा झाली, रात्री मोठी मेजवानी झाली. त्या सहा जणींना तिचं आमंत्रण नव्हतं. काम मोजलं होतं. कामाचं नाव कुणाला द्यायचं हा प्रश्न वेगळा ठरला.

याच सुमाराचं आपल्या देशातलं एक उदाहरण आहे, आणि ते शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या आपल्याला चटकन कळेल. अहमदाबादची कॅलिको मिल साराभाईंची. साराभाई हे जैन घराणं. १९१८ मध्ये याच घरातल्या अनसूयाबेन गिरणी कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि समोर मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल होते. कामगार मागत होते ३५ टक्के वाढ, मालक देत होते २०. गांधीजींनी त्या संपात उपवास केला.

त्यानंतर ३५ वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते. माग नवे, पण कापड हवं तसं निघेना, खराब मालही फार. तेव्हा अंबालाल यांचे चिरंजीव गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांना बोलावलं. राइस यांनी पाहिलं तर कामाचे बारीक बारीक तुकडे केलेले. कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले धागे जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. दोनशेच्या वर मागांवर अशी डझनभर वेगळी कामं. प्रत्येकाचं काम मोजलेलं होतं, फक्त अख्ख्या कापडाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. कांडीवाला म्हणणार माझ्या कांड्या भरल्या. धागा तुटला तर तो माझा नाही.

राइस यांनी सुचवलं की ६४ मागांमागे सात जणांचा एक गट करावा आणि त्या मागांवरचं सगळं काम त्या गटाने आपसात वाटून घ्यावं. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली आणि गट आपले आपणच पाडले. सुरुवातीला घसरण झाली, नंतर कापड वाढलं आणि खराब माल कमी झाला. १९५८ मध्ये राइस यांनी यावर पुस्तक लिहिलं. आजच्या सॉफ्टवेअर कंपनीत पाच-सात जणांची ‘टीम’ एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळते ना, त्या पद्धतीच्या पूर्वजांत अहमदाबादचे हे विणकर आहेत. आपली मुलं हे ऐकतील तर त्यांना नवल वाटेल.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र मोजणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. लोखंड टनावर मोजता येतं, कापड वारावर. प्रोग्रॅम कशावर मोजायचा? सोपं उत्तर निघालं की ओळी मोजा. कोणी किती ओळी लिहिल्या. आयबीएममध्ये हजार ओळींचा हिशेब चालायचा. पण जो काम पंचवीस ओळींत करतो तो हुशार की तेच अडीचशे ओळींत करतो तो? ओळीवर शाबासकी मिळणार असेल तर माणूस ओळी वाढवणारच. पुरणपोळीला नावाजायचं सोडून कुणी किती भांडी खरकटी केली यावर सुनेचं कौतुक करावं, तसली ही तऱ्हा.

१९८२ मधली ॲपल कंपनीतली एक हकिगत या बाबतीत प्रसिद्ध आहे. लिसा नावाच्या कंप्युटरचं काम चालू होतं. मॅनेजरांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल ॲटकिन्सन या प्रोग्रॅमरने त्याच आठवड्यात चित्रं काढणारा एक भाग नव्याने लिहिला होता. तो आता सहापट वेगाने चालत होता आणि शिवाय दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर आकडा लिहिला, उणे दोन हजार. थोड्याच आठवड्यांत त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं.

दुसरं माप माणसांचं. अमुक काम म्हणजे दहा माणसांचे दहा महिने, मग वीस माणसं लावली तर पाच महिने. १९६० च्या दशकात आयबीएमने सिस्टिम ३६० या कंप्युटरसाठी जी यंत्रणा लिहायला घेतली, तिच्यावर एक वेळ हजाराच्या वर माणसं होती. तरी ती उशिरा झाली. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये यावर ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते जास्तच लांबतं, हा त्यांचा निष्कर्ष. नवीन माणसाला शिकवायचं कुणी? जुन्यानेच. आणि तीन माणसांत बोलण्याच्या वाटा तीन असतात, दहा माणसांत पंचेचाळीस होतात. ब्रुक्स यांनी दाखला दिलाय तो पोटातल्या बाळाचा: त्याचे दिवस भरायचे तेव्हाच भरतात, बायका वाढवून काही होत नाही. हे कळायला आपल्याला आयबीएमपर्यंत जायची गरज नव्हती!

तिसरं माप सगळ्यांत जिव्हारी लागणारं. १९८० च्या दशकापासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्च यांनी एक रीत आणली. वरचे वीस टक्के उत्तम, मधले सत्तर बरे, खालचे दहा टक्के नको असलेले. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं असलं तरी दहांतला एक खाली घालायचाच. पुढे कितीतरी कंपन्यांनी हे उचललं. मायक्रोसॉफ्टने असली रीत २०१३ मध्ये बंद केली. विचार करा, शेजारी बसलेल्याला मदत केली तर तो वर जाणार आणि आपण खाली, असं ठरलं की मदत कोण करील? आपल्या मुलांना आपण लहानपणी डबा वाटून खायला शिकवलं. ही रीत ते शिकवणं पुसून टाकते.

१९७५ मध्येच चार्ल्स गुडहार्ट या इंग्लंडच्या अर्थतज्ज्ञांनी बँकांच्या व्यवहाराबद्दल एक निरीक्षण मांडलं, ते आता सगळीकडे लागू करतात. एखादा आकडा परिस्थिती कळावी म्हणून मोजत असतो तोवर तो खरं सांगतो. तोच गाठायचं लक्ष्य झाला की खोटं बोलायला लागतो. याला आपल्याकडे फार जुने शब्द आहेत, द्रव्य आणि भाव. दशलक्षणात कुणी दहा उपवास करतं, कुणी एकाशन. मंडळात दहावालीचा सत्कार होतो, व्हायलाच हवा. पण सत्कारासाठीच दहा केले आणि दहाही दिवस मनात राग धुमसत राहिला, तर शास्त्र त्याला लंघन म्हणेल. माळेचे मणी १०८ असतात ते मन भरकटू नये म्हणून. मणी संपवणं हाच जप झाला की बोटं पुढे जातात आणि मन मागे राहतं. आपल्या शास्त्रकारांनी संख्यात, असंख्यात, अनंत असे भेद केले. मोजण्याला ते अजिबात कमी लेखत नव्हते. फक्त मोजता येणारं कुठवर आणि त्याच्या पुढे काय, ही रेघ त्यांना दिसत होती.

मग मोजूच नये का? तसं माझं म्हणणं नाही, आणि ज्यांनी या विषयाला अलीकडे वळण दिलं त्यांचंही नाही. त्यांच्यातही एक बाई पुढे आहे, निकोल फोर्सग्रेन. २०१८ मध्ये तिने दोन सहकाऱ्यांबरोबर ‘ॲक्सेलरेट’ हे पुस्तक लिहिलं. त्यात चार मापं आहेत. केलेला बदल वापरणाऱ्यांपर्यंत किती वेळा पोचतो, पोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बिघडतात, आणि बिघडलं तर किती वेळात सुरळीत होतं. नीट बघा, चारांपैकी एकही माप एकट्यादुकट्या माणसाचं नाही. वाट मोजलीय, वाटेवरचा माणूस नाही. भाकरी तव्यावरून ताटात यायला उशीर का होतो ते बघा, शेगडी मंद आहे की पीठच वेळेवर मळलेलं नाही. थापणारीला उगीच बोल लावू नका.

२०२१ मध्ये फोर्सग्रेन आणि इतर काही संशोधकांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. काम करणाऱ्याचं समाधान, कामाचा परिणाम, केलेली कामं, आपसातलं सहकार्य, आणि काम विनाअडथळा चालतं की नाही, या पाचही बाजूंनी बघावं, एका आकड्यावर भागवू नये, असं त्यांनी मांडलं. वाचताना मला आपला अनेकांत आठवला. हत्तीचा पाय चाचपणारा खांब म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. हत्ती म्हणजे खांबच, असं त्याने म्हटलं तिथे तो चुकला.

अशी पुस्तकं निघाली तरी सगळ्या ऑफिसांतली रीत बदलली असं नाही. किती तिकिटं बंद केली, स्क्रीनवर हिरवा ठिपका किती तास होता, याचे हिशेब अजून चालतात. या हिशेबांत काय बसत नाही ते बघा. नव्या पोरीला जवळ बसवून शिकवणं. दुसऱ्याचं लिहिलेलं शांतपणे तपासून चूक दाखवणं. रात्री बंद पडू शकलं असतं ते आधीच सावरून ठेवणं. टीममध्ये दोघांचं बिनसलं तर मध्ये पडणं. ओळखीचं वाटतं ना? घरात आपण हेच करतो, आणि घरातही ते कुठल्या वहीत चढत नाही. बिघडलं तर दिसतं, सावरलेलं दिसत नाही.

आणि इथेच मोजण्याचा दुसरा, चांगला उपयोग सांगायला हवा. आपल्या केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बायकांचा दिवसाला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली: बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे एका सामायिकाची ४८ मिनिटं धरली, तर आपण रोज सहा सामायिकांएवढा वेळ घरात घालतो आणि पुरुष दोनही पुरे घालत नाहीत. आपण हे जन्मभर बोलत होतो, ती कुरकुर ठरत होती. आकडा आल्यावर ती माहिती झाली. हा आकडा कुठल्या एका बाईला पास-नापास करत नाही. देशाला आरसा दाखवतो.

म्हणून कुठलंही माप दिसलं की मी तीन गोष्टी विचारते. कोण मोजतंय, कशासाठी मोजतंय, आणि ज्याचं काम मोजलं त्याला त्या आकड्याचा काही उपयोग आहे का? बेथलेहेमच्या मजुराला नव्हता. अहमदाबादच्या विणकराला होता. गिलब्रेथबाईच्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला तर नक्कीच होता, तिची पावलं वाचली.

या एप्रिलमध्ये सून किंवा मुलगा अप्रायझलचं बोलायला लागले, तर ‘किती रेटिंग मिळालं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘वर्षभरात कुणाला शिकवलंस? कुणी तुला हात दिला? कशाने दमलीस?’ हेही विचारा. एखादे वेळी त्यांना उत्तर द्यायला जरा वेळ लागेल, कारण ऑफिसात हे कुणी विचारलेलं नसतं. फोन धरून ठेवा. आणि जमलं तर सांगा त्यांना, की उणे दोन हजार लिहिणाराही एक जण होऊन गेला.